वंशवेल आणि जुने दप्तर

नर्मदाकाठच्या तिलवाऱ्यातील शेतकरी कुटुंबाने पूर्वजांचा शोध घ्यायचे ठरवले, तर प्रथम जुनी जनगणना आठवते. परंतु १८८१ पासूनच्या जनगणनेच्या छापील अहवालांत माणसांची संख्या, जात, व्यवसाय सापडतात. आजोबा-पणजोबांची नावे नव्हेत. १९४८ च्या कायद्यानेही वैयक्तिक नोंदी गोपनीय ठेवल्या. नावे टिकली ती जमीन-बंदोबस्ताच्या कागदांत आणि जन्ममृत्यूच्या नोंदवह्यांत. महाराष्ट्रात २०२३ साली नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधल्या, त्याही अशाच जुन्या दप्तरांत. त्यातील एका ओळीवर नातवाचा जातीचा दाखला अवलंबून असतो. म्हणून जीर्ण दप्तराला रद्दी समजू नये. राजघराण्यांच्या बखरी झाल्या. कुणब्याची बखर हीच होय. ती जपणे हे शासनाइतकेच आपलेही कर्तव्य आहे.