निंदणी आणि नासधूस

शेतकरी निंदणीला बसतो तेव्हा तण कोणते आणि पीक कोणते, हे त्याच्या हाताला ठाऊक असते. सरकारी कार्यालयांतील जुनी कागदपत्रे निवडून बाजूला काढण्याच्या कामालाही आपल्या प्रशासनाने ‘निंदणीकरण’ हाच शब्द योजला आहे. शब्द चपखल आहे. प्रश्न एवढाच की, येथे निंदणी करणारा हात कोणाचा आणि त्या हाताला हा भेद कितपत ठाऊक आहे? २०२१ पासून केंद्र सरकार दर वर्षी ऑक्टोबरमध्ये कार्यालयीन स्वच्छतेची विशेष मोहीम राबवते. महाराष्ट्रातही २०२५ च्या आरंभी शंभर दिवसांच्या कार्यालयीन सुधारणा कार्यक्रमात स्वच्छतेबरोबर अनावश्यक अभिलेखांच्या नष्टीकरणाला स्थान मिळाले. धुळीने माखलेली कार्यालये स्वच्छ व्हावीत, याला कोणाचाच विरोध असणार नाही. परंतु किती गठ्ठे हलवले आणि रद्दीचे किती पैसे आले, हे अभिमानाने सांगितले जात असताना त्या गठ्ठ्यांत काय होते, हे विचारणारा आवाज मात्र ऐकू येत नाही.

कोणता कागद ठेवावा आणि कोणता नष्ट करावा, याची पद्धत आपल्याकडे नाही असे नव्हे. राज्यातील कार्यालयांत अभिलेखांचे ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’ असे वर्ग पाडले जातात. सर्वसाधारणपणे ‘अ’ वर्गातील कागद कायम जतन करायचा, ‘ब’ तीस वर्षे, ‘क’ त्याहून कमी काळ आणि ‘ड’ केवळ एक वर्ष. लिपिकाच्या मेजावरील सहा गठ्ठ्यांच्या पद्धतीतही अभिलेख कक्षात पाठवायच्या आणि नष्ट करायच्या कागदांचे गठ्ठे वेगळे असतात. कायदेही आहेत. केंद्राचा सार्वजनिक अभिलेख कायदा १९९३ चा, त्याचे नियम १९९७ चे; महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा २००५ चा. केंद्रीय नियमांनुसार नोंद व पुनरावलोकन केल्यावाचून कोणताही अभिलेख नष्ट करता येत नाही. नष्ट केलेल्या अभिलेखांची यादी ठेवावी लागते. हे बंधन मोडणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कारावास अथवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्हीही होऊ शकतात. कागदावर ही व्यवस्था निर्दोष वाटते.

उणीव आहे ती तिच्या मोजपट्टीत. वर्गीकरण करताना कार्यालय स्वतःला विचारते, या कागदाची आम्हाला किती वर्षे गरज आहे? नागरिकाचा हक्क या कागदावर किती काळ अवलंबून राहील, हा प्रश्न त्या मेजावर उपस्थितच होत नाही. लेखापरीक्षण झाले, अपिलाची मुदत संपली, की कार्यालयाच्या लेखी कागद निष्प्राण होतो. नागरिकाच्या लेखी तो पन्नास वर्षांनी जागा होऊ शकतो.

याचे सर्वांत ठळक उदाहरण अलीकडचेच आहे. मराठा समाजातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि राज्यभरातील अभिलेख कक्षांची कुलपे उघडली. जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या, खासरा पत्रके, शाळांची प्रवेश रजिस्टरे, कारागृहांची आणि पोलिसांची जुनी दप्तरे, त्यांतील कितीतरी मोडी लिपीतील, पानापानाने तपासली गेली आणि पन्नास लाखांहून अधिक नोंदी हाती आल्या. आरक्षणाच्या प्रश्नावर कोणाचे मत काहीही असो. एक गोष्ट निर्विवाद आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी टाक दौतीत बुडवून ती ओळ लिहिणाऱ्या कारकुनाला तिचे भावी मोल ठाऊक नव्हते. ते मोल ठाऊक नसताना कोणीतरी ती वही जपली, म्हणून हा शोध शक्य झाला. जेथे वही वाळवीने खाल्ली किंवा रद्दीत गेली, तेथील कुटुंबांनी आपला दावा कशाच्या आधारे सिद्ध करायचा? जात प्रमाणपत्रासाठी अनुसूचित जाती-जमातींना १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचे व जातीचे पुरावे मागणारे शासन, त्या काळातील कागद जपण्याची जबाबदारी मात्र पुरेशा गांभीर्याने घेत नाही, हा विरोधाभास नव्हे काय?

हा प्रश्न केवळ गावाकडच्या दप्तरांचा आहे, असे शहरवासीयांनी समजू नये. ठाण्याच्या वर्तकनगरकडे पाहावे. गृहनिर्माण मंडळाच्या ज्या वसाहतीमुळे हा परिसर ओळखला गेला, तेथील जुन्या इमारतींच्या जागी आता पुनर्विकासाचे मनोरे उभे राहत आहेत. मूळ वाटप कोणाच्या नावे झाले, पुढे गाळा कोणाकडे हस्तांतरित झाला, त्याला परवानगी होती काय, सोसायटीच्या भाडेपट्ट्यात भूखंडाचे क्षेत्रफळ किती आहे, मंजूर नकाशा काय सांगतो, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर कागदात आहे. तो कागद म्हाडाच्या कोकण मंडळाकडे असेल, महापालिकेच्या मालमत्ता कराच्या नोंदवहीत असेल किंवा दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात असेल. आजोबांच्या नावाचे वाटपपत्र घरातून हरवले, तर नातवाचा आधार एकच, कार्यालयातील प्रत. इमारत जमीनदोस्त झाल्यावर तेथे कोण राहत होते, याची साक्ष द्यायला भिंती उरत नाहीत. केंद्रीय कायद्याने १८९२ पूर्वीच्या अभिलेखांना विशेष संरक्षण दिले, ते योग्यच आहे. पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरणगावातून, कोकणातून आणि देशावरून येऊन ठाण्यात स्थिरावलेल्या माणसाचे आयुष्य ज्या कागदांत आहे, त्यांना अशी कोणतीही ढाल नाही.

शेजारच्या कल्याण-डोंबिवलीने याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवली. महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या तयार करून त्यांच्या बळावर महारेराची नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींचे प्रकरण २०२२ मध्ये गाजले. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले. आयुष्यभराची पुंजी ओतून घर घेतलेली शेकडो कुटुंबे हवालदिल झाली. परवानगी खोटी आहे, हे ठरते कशावरून? महापालिकेच्या दप्तरात तिची नोंद नाही, यावरूनच. ज्या दिवशी ‘आमचे जुने दप्तर नष्ट झाले आहे’ असे उत्तर मिळू लागेल, त्या दिवशी खरा कागद आणि खोटा कागद एकाच पंक्तीला बसतील.

अजाणतेपणाने होणारे नुकसान एकीकडे. जाणूनबुजून होणारे दुसरीकडे. ‘आदर्श’ सोसायटीच्या प्रकरणात मंत्रालयातील फाइलमधून कागद गहाळ झाल्याचे महाराष्ट्राने पाहिले. २१ जून २०१२ च्या आगीत मंत्रालयाचे मजलेच्या मजले आणि असंख्य फाइली भस्मसात झाल्या. नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या मृत्यूच्या चौकशीशी संबंधित पंतप्रधान कार्यालयाची एक फाइल १९७२ मध्ये नष्ट करण्यात आली. राष्ट्राला उत्तर हवे होते, हाती आली ती नोंदवहीतील एक शेरा असलेली ओळ. ब्रिटिशांनी तर वसाहती सोडताना अडचणीचे कागद जाळण्याचे पद्धतशीर धोरणच राबवले. त्यांतून वाचलेल्या आणि इंग्लंडमध्ये दडवलेल्या फाइली २०११ मध्ये केनियातील अत्याचारग्रस्तांच्या खटल्यामुळे बाहेर आल्या आणि २०१३ मध्ये ब्रिटनला नुकसानभरपाई मान्य करावी लागली. सत्तेला गैरसोयीचा असलेला कागद हाच प्रजेच्या न्यायाचा कागद असतो, याहून अधिक पुरावा कोणता हवा?

सर्वच कागद जपता येत नाहीत, हे आम्हीही जाणतो. जागा अपुरी, मनुष्यबळ तोकडे, पावसाळा आणि वाळवी ठरलेली. सूची नसलेला ढीग ठेवणे हेही एक प्रकारचे नष्टीकरणच, कारण शोधता न येणारा कागद असून नसल्यासारखा. संगणकीकरण उपयुक्त आहे. पण अस्पष्ट छायाप्रत काढून मूळ प्रत फाडणे म्हणजे जतन नव्हे. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कोट्यवधी कागदांतून निवड करून रियासतकार सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या अवघ्या काही वर्षांत ४५ खंड सिद्ध केले. निवड करावी तर अशी, जाणकाराच्या डोळ्याने आणि मूळ दप्तराला धक्का न लावता. आज तो डोळा कोठे आहे? मोडी वाचणारे, विषय जाणणारे प्रशिक्षित अभिलेखपाल किती कार्यालयांत आहेत?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक महापालिकेने व गृहनिर्माण मंडळाने नष्ट करावयाच्या अभिलेखांची यादी आधी प्रसिद्ध करावी आणि नागरिकांना हरकतीसाठी मुदत द्यावी. घर, जमीन, जन्म, शिक्षण आणि जात यांच्याशी संबंधित प्रत्येक कागद कायम जतनाच्या वर्गात घालावा. पुनर्विकास सुरू असलेल्या वसाहतींचे एकही कागदपत्र अंतिम ताबा व अभिहस्तांतरण होईपर्यंत हलवू नये. माहिती अधिकाराच्या कायद्याने अभिलेखांची सूची ठेवणे २००५ पासूनच बंधनकारक केले आहे. ‘फाइल सापडत नाही’ ही सबब नागरिकाने मुकाट्याने ऐकून घेऊ नये. तिच्यामागे चौकशी आणि जबाबदारी निश्चित करण्याचा आग्रह धरावा. सोसायट्यांनीही आपल्या दप्तराची प्रमाणित प्रत आजच मिळवून ठेवावी.

राज्य येते आणि जाते, अधिकारी बदलतात, इमारती पडतात. मागे उरते ते दप्तर. ते दप्तर शासनाच्या मालकीचे नसते. शासन त्याचे केवळ राखणदार असते. राखणदारानेच शेत निंदायला घेतले असेल, तर धन्याने बांधावर उभे राहिलेच पाहिजे.