पंख्याची दुसरी बाजू

गेल्या उन्हाळ्यात आमच्या भाचीने जावा बेटावरील योग्यकार्ता शहरातून आमच्यासाठी एक घडीचा पंखा आणला. बांबूच्या काड्या, तपकिरी-निळे कापड आणि त्यावर तिरप्या लाटांची नक्षी. दुकानदाराने तो 'हाताचे बाटिक' म्हणून दिला होता. वारा घेता घेता सहज उलटून पाहिला, तो मागे कापड पांढरेफटक! भाचीला आम्ही काही बोललो नाही. परंतु अशी फसगत तिची एकटीचीच होते असे नाही, म्हणून हे चार शब्द.

बाटिक हे नक्षीचे नाव नव्हे, कृतीचे आहे. वितळलेले मेण नक्षीप्रमाणे कापडावर घालावयाचे. मेण असेल तेथे रंग धरत नाही. मग कापड रंगात बुडवावयाचे, पुन्हा मेण, पुन्हा दुसरा रंग, आणि शेवटी उकळत्या पाण्यात मेण काढून टाकावयाचे. रंगाचे पाणी गार हवे, नाहीतर मेणच सुटते. जावातील बायका 'चांतिंग' नावाच्या, तांब्याची बारीक चोच असलेल्या लेखणीने मेण ओढतात. अशा कापडाला तिकडे 'बाटिक तुलिस' म्हणतात. तुलिस म्हणजे लिहिणे. आपल्या जुन्या मराठीतही चित्र 'लिहीत'च असत. एका बारीक कामाच्या वस्त्राला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. तांब्याच्या ठशाने मेण लावले तर काम लवकर उरकते, आणि तेही खरे बाटिकच. पण मेणाचा स्पर्शही न झालेल्या कापडावर नुसती नक्षी छापली, तर त्याला ते नाव कशाला? 2009 साली युनेस्कोने इंडोनेशियाच्या बाटिकला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले, ते या कृतीसाठी. तपकिरी-निळ्या लाटांसाठी नव्हे.

कापड सबंध बुडत असल्याने बाटिकचा रंग दोन्ही अंगांनी उतरतो. उंची कामात तर मेणही उलट बाजूने पुन्हा लिहितात. नेसलेल्या वस्त्राची आतली बाजू कोण पाहतो? विंझण्याची मात्र दर हेलकाव्याला दिसते. म्हणून अस्सल-नक्कल ओळखण्यास पंख्यासारखी वस्तू नाही. (पातळ कापडावर छापाचा रंगही थोडा पार जातो, पण तो फिका नि विटका दिसतो.) लाटांची ती 'पारांग' नक्षी एकेकाळी तेथील राजघराण्यापुरतीच राखीव होती. संस्थानी गावात वाढलेल्या आम्हांला याचे थोडे हसू येते, थोडे वाईटही वाटते.

जावा राहू द्या. इंदूरहून उज्जैनला कालभैरवाच्या दर्शनास जाणारी आपली मंडळी भेरूगढच्या बाजूने कितीदा तरी गेली असतील. तेथले छिपे आजही मेण तापवून चादरी, साड्या, ओढण्या रंगवितात. 2023 साली उज्जैनच्या बाटिकला भौगोलिक मानांकनही मिळाले. मेणाला तडे जाऊन रंगाच्या बारीक शिरा पडतात, त्या आपल्याकडे कौतुकाच्या. जावातील जाणकार सहसा त्याला दोष मानतात. आमचे मत विचाराल तर त्या शिरांमुळेच कापड जिवंत वाटते. पण त्या जाणूनबुजून चुरगाळून भारंभार पाडल्या की नक्षी बुडते, हेही खरे.

भेरूगढच्या चादरी घरोघरी दिसतात, पंखा मात्र आम्ही कोणाकडे पाहिला नाही. चादरीतून उरलेल्या तुकड्यांत कितीतरी पंखे होतील! येत्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून असे बारा पंखे करून घ्यावयाचे आमच्या घरी ठरले आहे. चौकटी बुरुडाकडच्या, कापड भेरूगढचे, आणि मागे अस्तर नाही. कारागीर सांगेल तो दर द्यावयाचा, घासाघीस करावयाची नाही, असेही ठरले आहे. सौदा घरातील बायका करणार असल्याने हे दुसरे कलम कितपत पाळले जाईल, ते आम्ही सांगू शकत नाही.