रूप आणि सुभगता

लग्नसराई जवळ आली की घरोघरी परिचयपत्रके फिरू लागतात. पूर्वी मुलीचे नाकडोळे पाहिले जात आणि मुलाची पेढी. आता मुली शिकल्या, त्यांच्या पसंतीला घरात मान मिळू लागला, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु त्याबरोबर मुलाचा चेहराही तराजूत पडला. नाक सरळ आहे काय, जबडा रेखीव आहे काय, दाढी भरगच्च आहे काय, वर्ण उजळ आहे काय? पेठसारख्या तालुक्याच्या गावी किराण्याचे किंवा कापडाचे दुकान सांभाळणारा मुलगा आधीच ‘आडगावचा’ म्हणून मागे पडतो. त्यात छायाचित्र साधे असेल, तर पुढची ओळही न वाचता कागद बाजूला ठेवला जातो. कर्तबगार, निर्व्यसनी मुलगा मग आरशासमोर उभा राहून स्वतःतच खोट शोधू लागतो.

पुरुषाचा चेहरा नेमका कशामुळे आवडतो, याचा शोध शास्त्रज्ञांनीही घेतला आहे. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७८ च्या सुमारास अनेक गुन्हेगारांची छायाचित्रे एकावर एक उमटवून पाहिली. गुन्हेगारी चेहरा हाती येईल ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात तयार झालेला मिश्र चेहरा मूळच्या चेहऱ्यांहून अधिक सुरेख निघाला. १९९० मध्ये अमेरिकेत संगणकाने केलेल्या प्रयोगातही अनेक चेहऱ्यांची सरासरी बहुतेक एकेकट्या चेहऱ्यांपेक्षा सरस ठरली. १९९८ मध्ये स्कॉटलंड व जपानमधील अभ्यासकांनी पुरुषी ठेवण अधिक ठळक केली, तेव्हा असा चेहरा पाहणाऱ्यांना रुबाबदार वाटला, पण कोरडा आणि कमी प्रामाणिकही वाटला. किंचित सौम्य केलेला चेहरा अधिक आवडला. पुढील संशोधनात याविषयी मतभेद झाले. तरीही एक गोष्ट उरते : पाहणारा केवळ नाक-जबडा पाहत नाही, त्यामागचा स्वभाव वाचू पाहतो.

आपल्या कर्मसिद्धान्तात हा भेद फार पूर्वीच केलेला आहे. नामकर्माच्या प्रकृतींमध्ये ‘समचतुरस्र संस्थान’ म्हणजे शरीराची प्रमाणबद्ध ठेवण आणि ‘सुभग’ म्हणजे इतरांना प्रिय वाटणे, ही दोन स्वतंत्र खाती आहेत. रूप असूनही मनुष्य अप्रिय होऊ शकतो. त्याला ‘दुर्भग’ म्हटले आहे. एका खात्यातील शिल्लक दुसऱ्या खात्यात आपोआप वर्ग होत नाही.

सनत्कुमार चक्रवर्तींची कथा घरोघरी ठाऊक आहे. त्यांच्या रूपाची कीर्ती ऐकून देव ब्राह्मणवेषाने आले आणि स्नानापूर्वीचे त्यांचे साधे रूप पाहून थक्क झाले. चक्रवर्ती अभिमानाने म्हणाले, अलंकार घालून सभेत बसेन तेव्हा पाहा. सभेत मात्र देवांचे चेहरे उतरले. तेवढ्या अवधीत देहात रोगांचा प्रवेश झाला होता. सनत्कुमारांनी तो इशारा ओळखला, राज्य सोडले आणि दीक्षा घेतली. या कथेत रूपाची निंदा नाही. त्याच्या भरवशावर व्यवहार करू नये, एवढेच सांगितले आहे.

नाशिकहून सावळघाट ओलांडून गेले की पेठ परिसरात उन्हाळ्यात बोहाडा रंगतो. गावकरी देवादिकांचे आणि राक्षसांचे मुखवटे बांधून रात्रभर सोंगे नाचवतात. रात्री ज्याने रावणाचा विक्राळ मुखवटा बांधला, तोच सकाळी मीठ-तेल घ्यायला दुकानात येतो. मुखवट्यावरून त्याची पत कोणताही दुकानदार ठरवीत नाही. ती वर्षानुवर्षांच्या वागण्यावरून ठरते. मग जावयाची पत तरी एका छायाचित्रावरून का ठरावी?

मुलीला मुलगा पसंत पडलाच पाहिजे, यात दुमत नाही. पण तिच्यासमोर छायाचित्राऐवजी माणूस यावा. वडीलधाऱ्यांनी तिच्यासह एखाद्या बाजाराच्या दिवशी मुलाच्या दुकानी जावे. घाटाखालून पायी आलेल्या म्हाताऱ्याशी तो कसा बोलतो, माप भरताना हात कसा ठेवतो, चुकलेल्या नोकराला कोणत्या शब्दांत सुनावतो, हे तासाभरात कळते. त्या तासात त्याचा चेहराही दिसतोच, आणि तो छायाचित्रातल्यापेक्षा बहुधा अधिक खरा असतो.