हिरव्या गोळीचे पुराण

गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या काकूंच्या घरी एक बाटली आली. मुलाने मोठ्या प्रेमाने आणलेली. आत हिरव्यागार गोळ्या, वर ठळक अक्षरांत ग्वाही : 'रोगप्रतिकारशक्ती वाढवा!' काकूंना आमवात आहे. शरीराचे शिपाई शरीराच्याच सांध्यांवर चालून जातात, असा हा रोग. त्या शिपायांना आवरण्याचे औषध डॉक्टरांनी चालू ठेवले आहे. म्हणजे सकाळच्या गोळीने शिपायांना आवरायचे आणि संध्याकाळच्या गोळीने त्यांनाच चेतवायचे! बाटलीवर याविषयी एक अक्षर नव्हते.

माझे भांडण शेवाळाशी नाही. क्लोरेला ही एकपेशीय हिरवी वनस्पती गुणी आहे. बायेरिंक या डच शास्त्रज्ञाने १८९० साली ती प्रथम शुद्ध स्वरूपात वाढवली. तिच्या सुक्या भुकटीत सुमारे निम्मे प्रथिन असते. म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर ती भुकेल्या जगाला पोसील, अशी आशा अमेरिकेत आणि जपानात अनेकांना होती. खर्चाचे गणित जमले नाही. मग ताटात न मावलेली क्लोरेला औषधाच्या बाटलीत शिरली.

तिच्यातील काही बहुशर्करांनी काचेच्या नळीत पांढऱ्या पेशी चेततात, हे खरे. परंतु नळी म्हणजे माणूस नव्हे. कॅनडात पन्नाशीच्या पुढच्या १२४ निरोगी माणसांपैकी काहींना क्लोरेलाचा अर्क दिला, काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, आणि सर्वांना इन्फ्लुएंझाची लस टोचली. २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : लशीचा प्रभाव अर्काने एकंदरीत वाढला नाही. २०१२ साली कोरियातून उलट वार्ता आली. आठ आठवडे क्लोरेला खाणाऱ्यांच्या रक्तातील मारक पेशी अधिक तरतरीत झाल्या होत्या. झाल्या असतील! पण पेशी तरतरीत होणे निराळे आणि माणूस कमी आजारी पडणे निराळे. व्यापारी पहिले दाखवतो आणि दुसरे विकतो.

मुळात ही 'शक्ती' म्हणजे काय रांजणातले पाणी आहे, की ओतले म्हणजे वाढावे? आमवात, दमा, अंगावर उठणारे पित्त, यांत तिचा तुटवडा नसतो. भलत्या ठिकाणी उगारलेला तिचा हात असतो. फौज मोठी असून भागत नाही. कोणावर उठावे आणि केव्हा थांबावे, हे तिला कळावे लागते.

डॉक्टरांना विचारून काकूंनी बाटली बंद केली. मुलगा हिरमुसला. त्याचे प्रेम खोटे नव्हते, म्हणूनच मला राग येतो. 'वाढवा' म्हणणाऱ्यांना माझा साधा सवाल आहे : काय वाढवता, किती वाढवता, आणि कोणाच्या शरीरात?