राखेखालचा निखारा

गेल्या पौषांत आम्ही सातपुड्याच्या पायथ्याशीं, म्हसावद येथें होतों. रात्रीं अंगणांतून मृग नक्षत्र ठसठशीत दिसे. त्याच्या पोटांतील तीन ताऱ्यांचा बाण मुलेंहि ओळखतात; त्या बाणाखालीं एक धूसर ठिपका आहे. तो सुमारें १३०० प्रकाशवर्षें दूर असलेला तेजोमेघ, ताऱ्यांचें सूतिकागृहच होय. लोकमान्यांनीं १८९३ सालीं ह्याच नक्षत्राच्या आधारें वेदांचें प्राचीनत्व शोधिलें. आजचे ज्योतिर्विद तेथेंच नवजातांचा शोध घेत आहेत.

परंतु जें तेज डोळ्यांस दिसतें, तें धुळींतून बाहेर आलेल्या ताऱ्यांचें. अगदीं कोंवळे तारे धुळीच्या दुलईंत गुरफटलेले असतात. त्यांचा प्रकाश धूळ गिळते आणि स्वतः तापून उष्णता बाहेर टाकते. राखेखालचा निखारा दिसत नाहीं, पण वर तळहात धरतांच कळतो, तसेंच हें. ताऱ्यांच्या बाबतींत तळहाताचें काम अवरक्त किरण करितात. १८०० सालीं विल्यम हर्शेल ह्यांनीं वर्णपटांत तांबड्या रंगापलीकडे उष्णतामापक ठेवून हे अदृश्य किरण शोधिले. त्यांच्या लहरी लांब असल्यानें धुळींतून ते पुष्कळसे पार होतात. बेकलिन व न्यूगेबाउअर ह्यांनीं १९६७ सालीं ह्याच तेजोमेघांतील, साध्या प्रकाशांत न दिसणारी एक प्रखर अवरक्त ज्योत जाहीर केली.

मात्र येथें फसगतीचा संभव आहे. धुळीमागचा म्हातारा ताराहि तांबूसच दिसतो. मग बालक कोणतें? म्हणून सुमारें १.२, १.६ व २.२ मायक्रॉन अशा तीन लहरींवर तेज मोजतात. केवळ मधल्या धुळीनें तांबूस झालेल्या ताऱ्याचीं मापें एका ठराविक प्रमाणांत बदलतात. नवजाताभोंवतीं तापलेल्या धुळीची चकती असते. तिचें तेज लांब लहरींत भर घालतें व हिशेब जुळत नाहीं. तें जास्तीचें तेज हाच बहुधा जन्माचा दाखला!

ह्या कामीं महाराष्ट्रहि मागें नाहीं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें घडविलेलें अवरक्त उपकरण २०१३ सालीं लडाखांतील हानले येथील दोन मीटर व्यासाच्या दुर्बिणीस जोडलें गेलें. हवेंतील बाष्प हे किरण अडवितें, म्हणून सुमारें ४५०० मीटर उंचीची ती कोरडी जागा सोयीची.

आपला सूर्यहि सुमारें ४६० कोटि वर्षांपूर्वीं असाच धुळीआड जन्मला. येत्या थंडींत वडीलधाऱ्यांनीं मुलांस तो ठिपका अवश्य दाखवावा. आपल्या घराण्याची वंशावळ तेथवर जाते.