बादलीतल्या फळांचं माप कोण घेणार?

प्रति,
माननीय आयुक्त,
आरोग्य व अन्नसुरक्षा विभाग,
युरोपीय आयोग, ब्रुसेल्स



जुलै उजाडला की उत्तर युक्रेनच्या पोलिसिया भागात गावंच्या गावं रानात शिरतात. फणीसारखे दात असलेलं डबडं झुडपांतून ओढायचं आणि रानटी ब्लूबेरी बादलीत ओतायच्या, हा तिथला हंगामी रोजगार. पोरांची बोटं आणि जिभा जांभळ्या होतात. या फळाचं तिथलं नाव ‘चोर्नित्स्या’, म्हणजे काळी. मे महिन्यात द्रोणातून करवंदं, ‘डोंगरची काळी मैना’ विकणाऱ्या आदिवासी बायका पाहिलेल्या मराठी माणसाला हे चित्र परकं वाटणार नाही.

पण पोलिसियाच्या या काळ्या फळात किरणोत्सारी सीझियम-१३७ उतरलेलं आहे.

२६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली आणि ते या रानांवर पसरलं. सीझियम-१३७ निम्मं व्हायला सुमारे ३० वर्षं लागतात. म्हणजे चाळीस वर्षांनीही जवळपास ४० टक्के उरतंच. शेतात नांगर फिरतो, पोटॅशचं खत पडतं, चिकणमाती सीझियमला धरून ठेवते. रानात यातलं काहीच घडत नाही. पोलिसियाची जमीन रेताड आणि दलदलीची, आम्लधर्मी. तिथे चिकणमाती कमी, म्हणून सीझियम मोकळंच राहतं आणि झुडूप ते पोटॅशियमच्या वाटेनं शोषून घेतं. पान गळतं, कुजतं, आणि सीझियम पुन्हा मातीच्या वरच्या थरात, मुळांच्या तोंडाशी येतं.

आपल्या युरोपीय नियमानुसार अशा फळांत किलोमागे ६०० बेकेरेलपर्यंत (बेकेरेल हे किरणोत्साराचं माप) किरणोत्सार चालतो. युक्रेनची ताज्या रानफळांची मर्यादा ५००, तर बेलारूसची १८५. एकच रान, एकच फळ, आणि मापं तीन. अमेरिकन इतिहासकार केट ब्राउन यांनी २०१९च्या आपल्या पुस्तकात या व्यापाराची पद्धत मांडली आहे : जास्त किरणोत्सारी फळं कमी किरणोत्सारी फळांत मिसळायची आणि सरासरी मर्यादेत आणायची. समजा, एका बादलीत किलोमागे २००० बेकेरेल आहेत आणि तेवढ्याच तीन बादल्यांत प्रत्येकी १००. चारही एकत्र केल्या की सरासरी येते ५७५. माल पास! सीझियमचा मात्र एक कणही कमी झालेला नाही.

ही सरासरी दूरच्या ग्राहकाला थोडंफार तरी वाचवते. फळं तोडणारं कुटुंब त्या पहिल्या बादलीतूनच मूठ भरतं, हिवाळ्यासाठी मुरंबा घालतं, त्याच रानात गाय चारतं. स्फोटाच्या जागेपासून सुमारे २०० किलोमीटरवरच्या रिव्ने भागातल्या दुधाचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. १४ पैकी ६ गावांतलं दूध प्रौढांसाठीच्या लिटरमागे १०० बेकेरेल या मर्यादेपलीकडे होतं. काही ठिकाणी तर पाचपट. यावर उपाय आहे. गाईच्या चाऱ्यात ‘प्रशियन ब्लू’ नावाचं संयुग मिसळलं की बरंचसं सीझियम दुधात उतरण्याआधीच शेणावाटे निघून जातं. त्या संशोधकांच्या हिशेबानं अशा उपायांचा खर्च माणशी वर्षाला १० युरोंहूनही कमी.

अन्नातल्या किरणोत्साराचा हा प्रश्न मुंबईलाही ओळखीचा आहे. चेर्नोबिलनंतर युरोपीय समुदायाच्या मदतीतून २०० टन आयरिश बटर भारतात आलं. त्याच्या वाटपाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तज्ज्ञांची समिती बसली आणि बटर सुरक्षित असल्याचा निर्वाळा १९८८ मध्ये मिळाला. निकाल काही असो, खाणाऱ्याच्या शंकेची देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं दखल घेतली. पोलिसियातल्या आईच्या शंकेची दखलही कोणीतरी घेतली पाहिजे.

म्हणून आपल्याकडे तीन मागण्या आहेत. मिसळून मर्यादेत आणलेला माल स्वीकारला जाणार नाही, हे नियमात स्पष्ट लिहा. मोजणी सीमेवर करताच; ती खरेदीच्या जागी, बादली-बादलीची व्हावी आणि आकडा तोडणाऱ्याच्या हाती पडावा, यासाठी पैसा द्या. आणि रिव्नेच्या गाईंना प्रशियन ब्लू मिळेल याची व्यवस्था करा; युद्धानं पिचलेल्या युक्रेनवर हा भार टाकू नका.

फळं पुन्हा जुलैत पिकतील. निदान त्या हंगामाआधी मोजणीची यंत्रं तरी गावात पोहोचवा.

कळावे,
एक मराठी वाचक