घडीभराची बाग

आमची आई हल्ली दिवाळीच्या खरेदीला येत नाही. "गुडघे दुखतात रे," हे तिचे कारण घरात सर्वांनी बरीच वर्षे खरे मानले होते.

त्या कारणाचे बिंग फुटले ११ डिसेंबर २०२१ रोजी. पुणे महापालिकेने त्या दिवशी 'पादचारी दिन' पाळला आणि लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद ठेवला. मी आईला सहज म्हटले, "येतेस का?" तर ती चपला घालून दारात हजर! भोंगे नाहीत, धक्के नाहीत, टेकायला जागा. ती भर रस्त्यातून सावकाश चालली, दोनदा बसली, पुन्हा चालली आणि म्हणाली, "अरे, हा रस्ता एवढा रुंद होता होय!" गुडघे तेच, रस्ता तेवढा बदलला होता.

एका दिवसाच्या कौतुकाने काय होणार, असे तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणत होतो. पण या खुळाची कुळकथा वाचली आणि माझे मत फिरले.

२००५ साली सॅन फ्रान्सिस्को शहरात 'रीबार' नावाच्या कलावंत मंडळींनी एक गंमत केली. रस्त्याकडेला मोटार उभी करायची, तर तेथे यंत्रात पैसे टाकावे लागत. या मंडळींनी दोन तासांचे पैसे भरले आणि त्या जागेवर हिरवळ अंथरली, एक बाक ठेवला, एक झाड उभे केले. वेळ संपताच बाग गुंडाळून सारे घरी गेले. एरवी जी जागा एका रिकाम्या मोटारीने अडवली असती, तिथे माणसे बसू शकतात, एवढेच त्यांना दाखवायचे होते. पुढे २०१० साली त्याच शहरात पालिकेच्या संमतीने अशा चिमुकल्या बागा उभ्या राहू लागल्या.

न्यूयॉर्कची हकिकत याहून मोठी. २००९ च्या मे महिन्यात तेथील टाइम्स स्क्वेअरमध्ये ब्रॉडवे रस्ता वाहनांना बंद झाला. बसण्याची नीट सोय व्हायला अवधी होता, म्हणून जनेट सादिक-खान वाहतूक खात्याच्या प्रमुख असताना तिथे स्वस्तातल्या घडीच्या खुर्च्या मांडल्या गेल्या. लोक रस्ता बंद झाल्याचे विसरून त्या खुर्च्यांवरच वाद घालत बसले, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. पालिकेच्या पाहणीत त्या भागात पादचाऱ्यांच्या दुखापती ३५ टक्क्यांनी घटल्याचे दिसले आणि २०१० मध्ये तो बदल कायम झाला.

तात्पुरत्या कामाची खुबी इथेच आहे. वाहन नाही तर गिऱ्हाईक नाही, ही दुकानदाराची धास्ती खोटी म्हणता येत नाही. वळवलेली वाहने शेजारच्या गल्लीत घुसतील, ही गल्लीकरांची तक्रारही रास्त आहे. पण सभेत घसा कोरडा करण्यापेक्षा चार दिवस कुंड्या मांडाव्यात, गिऱ्हाईक मोजावे, गल्लीतल्या गाड्याही मोजाव्यात. चुकले तर कुंड्या उचलायला टेम्पो पुरतो. सिमेंटचे चुकले तर नातवंडांपर्यंत पुरते!

आणि तात्पुरते उभारण्यात आपला हात कोण धरणार? गणपतीचा मांडव घ्या, नाही तर अंगणातला दिवाळीचा किल्ला. फरक एवढाच, की मांडव उतरल्यावर आपल्याकडे मागे उरतो खांबाचा खड्डा. न्यूयॉर्ककरांना मागे उरली बसायची जागा.

त्या रात्री आईने विचारले, "उद्याही असतो का रे असा रस्ता?" मी मराठीचा मास्तर. शब्दांचे अर्थ सांगणे हा माझा पोटापाण्याचा धंदा. पण 'तात्पुरता' या साध्या शब्दाचा अर्थ आईला सांगताना मला अवघडल्यासारखे झाले. यंदाही पिशवी घेऊन मी एकटाच निघालो, तेव्हा तिने दारातून एवढेच विचारले, "बसायला काही केलंय का रे तिथे?"